उंबर आधी उंबरच असतो

पत्र

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय सत्तेचाळीस. मुलं मार्गी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं, विषय मराठी. लहानपणापासून वाचनाचं वेड आहे, वाचनालयाची वर्गणी कधी थकवली नाही. पण अभ्यास सुरू झाला आणि वाचनातली गोडीच गेली. आशयसूत्र सांगा, निवेदनाचा दृष्टिकोन स्पष्ट करा, प्रतीकं उलगडा, संघर्षाचं स्वरूप लिहा, सगळीकडे हेच. बालकवींची 'औदुंबर' वाचली तेव्हा माहेरचा, कृष्णाकाठचा उंबर आठवला आणि फार बरं वाटलं. मग गाईड उघडलं, तर त्यात 'औदुंबर हे विरक्तीचे प्रतीक आहे' असं एकच वाक्य. मैत्रीण म्हणाली, छे, ते मृत्यूचं प्रतीक. मला तर झाडच दिसलं होतं. म्हणजे मला कविता कळतच नाही का? 'पण लक्षात कोण घेतो?' वाचताना रडले, पण ती पुरुषाने लिहिली आहे, मग त्यात बाईचा दृष्टिकोन आहे असं कसं लिहायचं? 'बनगरवाडी'त कोणी खलनायकच नाही, तर संघर्ष कुणाकुणातला दाखवू? आणि गाईडपेक्षा वेगळं लिहिलं तर मार्क जातील का?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई,

तुम्हाला झाड दिसलं हे फार चांगलं झालं. तिथूनच सुरुवात करायची असते. ज्याला 'औदुंबर' वाचताना झाड दिसत नाही आणि एकदम विरक्ती दिसते, त्याने कविता वाचलेलीच नाही, तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलंय. तुमच्या पत्रातला 'मला तर झाडच दिसलं होतं' हा 'च' तेवढा काढून टाका.

प्रतीकाबद्दल एक गोष्ट पक्की धरा. साहित्यातली वस्तू आधी वस्तू असते. ती वस्तू म्हणून नीट उभी राहिली, तरच तिच्यातून दुसरं काही उमटतं. गाईडवाले मधली पायरी गाळतात आणि 'अमुक म्हणजे तमुक' अशी जोडी लावून देतात. जोडी पाठ होते, पण कविता हातात येत नाही, आणि गोडी जाते ती इथेच.

आता कविता समोर ठेवू. आठच ओळी आहेत, आणि एकदा मोठ्याने म्हणून मगच पुढे जा.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

पहिल्यांदा फक्त बघायचं, अर्थ काढायचा नाही. उंबर पाण्याच्या कडेला वाढतो, त्याची मुळं काठाच्या मातीतून उघडी पडून पाण्यात उतरतात, हे तुम्ही कृष्णाकाठी पाहिलेलं आहे. म्हणजे 'पाय टाकुनी जळात बसला' हे आधी डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य आहे. पाण्यावरचा 'काळिमा' कुणी पसरला? वाक्य नीट लावून पाहा. जळ झाकळून काळिमा पसरणारा औदुंबरच आहे. म्हणजे ती त्याची सावली. दाट पानांच्या झाडाखालचं डोहाचं पाणी काळं दिसतं, एवढंच. इथपर्यंत कुठलंही गूढ नाही.

आता रंग मोजा. हिरवा तीन वेळा येतो, निळासावळा एकदा, पांढरा एकदा, आणि मग काळा दोनदा, शेवटच्या तीन ओळींत. रंग एका दिशेने जातायत. हालचालही पाहा. झरा वाहतो, पायवाट 'चालली' आहे, शेतांचीसुद्धा 'गर्दी' आहे. सगळं चालू आहे, आणि शेवटच्या ओळीत एकजण बसलेला आहे. सगळी कविता चालत चालत येते ती या बसलेल्यापाशी.

आणखी एक गोष्ट मला प्रत्येक वाचनात थांबवते. या कवितेत माणूस नाही. गाव आहे, चार घरं आहेत, मळे आहेत, पण माणूस एकही नाही. गुरं नाहीत, पाखरं नाहीत, आवाज नाही. पायवाट तर माणसांच्या पायांनीच पडते, तरी तिच्यावर चालणारं कुणी दिसत नाही. साऱ्या कवितेत पाय आहेत ते फक्त त्या झाडाला, आणि ते पाण्यात सोडून ते स्वस्थ बसलंय. हे लक्षात आलं की झाड झाडच राहतं, पण नुसतं झाड राहत नाही. प्रतीक बनतं म्हणजे नेमकं हे होतं. कवीने कुठेही 'औदुंबर म्हणजे अमुक' असं म्हटलेलं नाही. त्याने बाकीची सगळी चित्रं अशी रचली की शेवटच्या चित्रावर त्यांचं वजन आलं.

आता तुमची मैत्रीण आणि गाईड यांच्याकडे वळू. 'विरक्ती' म्हणणाऱ्याला आधार आहे. मराठी माणसाच्या मनात औदुंबर म्हटलं की दत्तमहाराज येतात, नरसोबाची वाडी येते, पारावर बसलेला साधू येतो. चालत्या जगाकडे पाठ करून बसलेला औदुंबर जोग्यासारखा वाटला तर नवल नाही. 'मृत्यू' म्हणणाऱ्यालाही आधार आहे, कारण वाट हिरव्यातून काळ्या डोहाकडे जाते. पण मला वाटतं यात बालकवींच्या आयुष्याचाही हात असतो. 1890 साली जन्मलेला हा कवी 1918 च्या मे महिन्यात, अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेला. ते माहीत असलेला वाचक त्याच्या प्रत्येक सावलीत मरण पाहू लागतो. कवीचं मरण कवितेच्या पुराव्यात धरू नका. कविता लिहिली तेव्हा ते घडलेलं नव्हतं.

कवितेच्या आतला पुरावा काय सांगतो? 'गोड काळिमा'. काळिमा हा शब्द आपण एरवी कलंकाला वापरतो, घराण्याला काळिमा लागतो म्हणतो, आणि इथे त्याला 'गोड' म्हटलंय. भीतीचा मृत्यू असता तर हा शब्द आला नसता. कोरडी विरक्ती असती तरी आला नसता. जे काही आहे ते काळं आहे आणि तरी हवंहवंसं आहे, त्यात पाय सोडून बसावंसं वाटतं. माझं मत विचाराल तर मला तिथे विसावा दिसतो, ज्याला उदासीचा रंग आहे असा विसावा. तुम्हाला कविता वाचून 'फार बरं वाटलं' असं तुम्ही लिहिलंय. ते माहेरच्या आठवणीने वाटलं असेलच, पण 'गोड काळिमा'नेही वाटलं असणार. तुमचा कान बरोबर होता, ताई. फक्त त्याला कवितेतला शब्द पुराव्याला जोडायचा राहिला होता.

प्रतीक ओळखायचं कसं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल. एक, ती वस्तू पुन्हा पुन्हा येते, किंवा अगदी मोक्याच्या जागी येते, शेवटच्या ओळीत किंवा शीर्षकात. दोन, ती काढून टाकली तर कथा चालेल, पण लंगडेल. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. तो आधी खरा ट्रॅक्टर आहे, त्यात खरा पैसा अडकलेला आहे. पण वाड्यातली माणसं येता-जाता त्याच्याजवळून वावरतात, आणि हळूहळू त्या घराने काळाशी केलेला फसलेला व्यवहार आपल्याला त्यात दिसायला लागतो. लेखकाने बोट दाखवावं लागत नाही. आणि प्रत्येक वस्तू प्रतीक नसते, हेही तितकंच खरं. नाटकात कुणी चहा प्यायलं तर ते बहुधा चहाच पीत असतात.

आता 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतल्या यमूकडे येऊ. तुमचा हा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तक ज्याने लिहिलं तो लेखक. पुस्तकात जो आपल्याशी बोलतो तो निवेदक. हे दोघे वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवलंत की निम्मा गोंधळ मिटतो. ही कादंबरी लिहिणारे हरि नारायण आपटे हे पुण्यातले, तेव्हा तिशीच्या आतले गृहस्थ. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. 1893 ला पुस्तक झालं. पण कादंबरीत बोलते ती यमू. 'मी' म्हणून बोलते, म्हणून हे प्रथमपुरुषी निवेदन. दृष्टिकोन यमूचा आहे, लेखक पुरुष असला तरी. उत्तरात हे असंच सरळ लिहा, काही अडत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. परीक्षेत 'प्रथमपुरुषी निवेदन आहे' लिहून मुलं पुढे सरकतात, आणि खरी गंमत तिथेच सुटते. दृष्टिकोन ओळखल्यावर लगेच विचारायचं: या जागेवरून काय दिसतं, आणि काय दिसत नाही? यमूला माजघरातून दिसतं तेवढं दिसतं. पुरुषांचे निर्णय बाहेर होतात आणि तिच्यापर्यंत हुकूम होऊन येतात. आपणही वाचताना तिच्यासोबत दाराच्या आतच उभे असतो. शिवाय या कादंबरीत यमू दोन आहेत. एक आहे ती लहान पोर, जिला आपल्याशी असं का वागतात ते कळत नाही. दुसरी आहे ती सगळं भोगून झाल्यावर आठवून सांगणारी बाई. लहानीला जे साधं वाटतं, त्याचा अर्थ मोठीला माहीत आहे, आणि कित्येकदा ती तो सांगत नाही, नुसतं घडलं तसं ठेवते. तुमच्या डोळ्यांना पाणी आलं ते बहुधा अशा जागी, जिथे पोरीला कळलेलं नसतं आणि तुम्हाला कळलेलं असतं.

दृष्टिकोनाचं वजन कळायला एक सोपा प्रयोग करा. नवरा रघुनाथराव गेल्यानंतर यमूचं बळजबरीने केशवपन होतं, तो भाग काढा. आता तेच पाच-सहा वाक्यांत तिच्या सासरच्या शंकरमामंजींच्या तोंडून वहीत लिहा. प्रसंग तोच, माणसं तीच. पण शंकरमामंजी अन्यायाची भाषा करणार नाहीत. ते घराण्याची अब्रू म्हणतील, शास्त्र म्हणतील, पोरीच्याच भल्याचं केलं म्हणतील. आणि तुमच्या लक्षात येईल की ते स्वतःला वाईट समजतच नाहीत. घटना न बदलता कादंबरी उलटी झाली. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की 'निवेदनाचा दृष्टिकोन स्पष्ट करा' हा प्रश्न पुन्हा कधी परका वाटणार नाही.

आपट्यांनी हा आवाज का निवडला असेल, याचाही विचार करा. तो काळ आठवा. 1891 ला संमतिवयाचा कायदा झाला, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं, आणि त्यावरून पुणं पेटलं होतं. सभा, अग्रलेख, शास्त्रार्थ. बाजूने बोलणारे बहुतेक पुरुष, विरुद्ध बोलणारेही पुरुष. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती घराच्या आत होती. आपट्यांनी वाद आणखी एका पुरुषाच्या तोंडून पुढे न नेता, आतल्या बाईला बोलतं केलं. पुरुषाने बाईचा आवाज घेऊन लिहावं का, तो खरा उतरतो का, हा वाद आज होऊ शकतो आणि व्हावाही. काही ठिकाणी यमू सुधारकांच्या भाषेत बोलते असं मला वाटतं, विशेषतः मुंबईच्या सुखाच्या दिवसांच्या वर्णनात. तुम्हालाही कुठे तसं जाणवलं तर ती ओळ नमूद करून जरूर लिहा. दृष्टिकोनाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

आता आशयसूत्र. याचं घोडं अडतं ते विषय आणि आशयसूत्र एकच समजल्यामुळे. 'विधवांचे दुःख' हा विषय झाला. विषय एका-दोन शब्दांत मावतो. आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, त्यात क्रियापद लागतं, कारण त्यात त्या पुस्तकाने विषयाबद्दल काहीतरी म्हटलेलं असतं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. त्यातही विधवांचेच हाल आहेत, पण तिथे एक जोडपं प्रवास करतं आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या आपल्याला कळतात. पुस्तकाचा ओढा धर्म बदलून सुटका शोधण्याकडे जातो, शेवटी नायिका स्वतः विधवा होऊन ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विषय एक, पण दोन पुस्तकं अगदी वेगळं बोलतात. 'विधवांचे दुःख' एवढंच लिहिलं तर दोन्हीला तेच उत्तर चालेल, आणि जे उत्तर दोन वेगळ्या पुस्तकांना चालतं ते कुठल्याच पुस्तकाचं नसतं.

मग 'पण लक्षात कोण घेतो?'चं आशयसूत्र काय? माझ्या वाचनात ते असं: ज्या घरात अन्याय करणारा स्वतःला धर्माने वागणारा समजतो, तिथे सोसणारीचं म्हणणं ऐकणाराच कुणी उरत नाही. तुम्ही वेगळं लिहाल, लिहाच. पण माझं वाक्य कुठून आलं ते पाहा. यमू बोलते आणि घरात कुणी ऐकत नाही, हे निवेदनातून आलं. शंकरमामंजी स्वतःला चूक मानत नाहीत, हे संघर्षातून आलं. आणि शीर्षक तर सरळ प्रश्नच विचारतंय. म्हणजे आशयसूत्र आधी ठरवून मग पुस्तकात ते शोधायचं नसतं. बाकीचं सगळं पाहून झालं की ते सर्वांत शेवटी हाताशी येतं. गाईडमध्ये ते पहिल्या परिच्छेदात छापलेलं असतं, म्हणून तुम्हाला वाटतं की सुरुवात तिथून करायची. क्रम उलटा करा. कोण सांगतंय, कुणाला काय हवंय, काय वारंवार येतंय, आणि मग या सगळ्यातून काय म्हटलं जातंय.

'कुणाला काय हवंय' हा प्रश्न संघर्षाचा. तुमची 'बनगरवाडी'ची अडचण इथे सुटते. संघर्ष म्हणजे भांडण नव्हे, आणि त्याला खलनायक लागतोच असं नाही. कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते मिळायच्या वाटेत काहीतरी उभं असतं, एवढं पुरतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या या 1955 च्या कादंबरीत राजाराम सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. त्याला शाळा चालवायची आहे. धनगरांना मेंढरं जगवायची आहेत, आणि मेंढरांमागे जायला पोरं लागतात. सांगा, यात चूक कुणाची? दोघांचंही खरं आहे. म्हणून तो संघर्ष आपल्याला शेवटपर्यंत धरून ठेवतो. एक बाजू नुसती दुष्ट असती तर आपण कधीच निकाल देऊन मोकळे झालो असतो.

पुढे मास्तर हळूहळू गावचा होतो, त्याला आधार देणारा कारभारीच मध्ये गैरसमजाने दुरावतो, गाव श्रमाने तालीम उभी करतं, तिच्यासाठी राजा येतो. वाटतं आता जमलं. मग पाऊस दगा देतो आणि दुष्काळात वाडी उठून जाते. मास्तर आणि वाडी यांच्यातलं अंतर मिटत आलं तेव्हाच, ज्याच्याशी कुणाचंच भांडण चालत नाही अशा आभाळाने निकाल लावला. पुस्तकांत 'माणूस विरुद्ध निसर्ग', 'व्यक्ती विरुद्ध समाज', 'अंतर्गत संघर्ष' असे प्रकार दिलेले असतात. ते माहीत असू द्या, पण 'बनगरवाडीत माणूस विरुद्ध निसर्ग हा संघर्ष आहे' एवढ्यावर उत्तर संपवू नका. आधी मास्तराला काय हवं होतं ते लिहा, मग ते कुठवर मिळालं, आणि मग ते कसं गेलं. त्या जाण्यात निसर्ग आपोआप येईल.

इथेही निवेदक बघायला विसरू नका. मास्तर बाहेरून आलेला आहे. वाडी त्याला जेवढी आत घेते तेवढीच आपल्याला दिसते. हेच कुणा धनगराच्या तोंडून आलं असतं तर मेंढरांशी, पावसाशी असलेलं त्याचं नातं समजावून सांगायची त्याला गरजच वाटली नसती. मास्तराला सगळं नवं आहे म्हणून तो निरखून पाहतो, आणि म्हणून आपल्यालाही दिसतं.

कवितेत संघर्ष शोधायला सांगितला तर तो शब्द थोडा सैल करून 'ताण' असा घ्या. 'औदुंबर'मध्ये कुणी कुणाशी लढत नाही. पण हिरव्याचा काळ्याशी, चालण्याचा बसण्याशी ताण आहे, आणि 'गोड काळिमा' या दोन शब्दांत तो एकदम घट्ट होतो. छोट्या भावकवितेत एवढा ताण भरपूर असतो. त्याला ओढूनताणून 'व्यक्ती विरुद्ध समाज' केलंत तर कवितेचं वाटोळं होईल.

आता गोडीचं. तुम्ही लिहिलंय की अभ्यासाने वाचनातली मजा गेली. माझा सल्ला असा की पहिलं वाचन अभ्यासाचं करूच नका. पुस्तक तुम्ही नेहमी वाचत आलात तसं वाचा, रडू आलं तर रडा, आवडली नाही तर शिव्या द्या. फक्त जिथे थांबावंसं वाटलं, जिथे पाणी आलं, जिथे राग आला, जिथे 'हे काय बाई' असं झालं, तिथे पेन्सिलीने समासात छोटी खूण करा, पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाचा कपटा घाला. दुसरं वाचन त्या खुणांपाशीच करायचं. प्रत्येक खुणेपाशी एकच विचारा: इथे असं का झालं मला? उत्तर निवेदकात सापडेल, एखाद्या वस्तूत सापडेल, कुणाच्या तरी अडलेल्या इच्छेत सापडेल. चारही पारिभाषिक शब्द तुमच्या स्वतःच्या खुणांना लावलेली नावं ठरतील, आणि मग ते परके वाटत नाहीत. गाईड उघडायचंच असेल तर यानंतर उघडा. तेव्हा तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकाल.

मैत्रिणीशीही वाद घाला, पण एक नियम ठेवून: जो दावा करेल त्याने ओळ दाखवायची. ती 'मृत्यू' म्हणाली तर तिने 'काळ्या डोहाकडे' दाखवावं, तुम्ही 'गोड' दाखवा. मग कळेल की सगळे अर्थ सारखेच बरोबर नसतात, आणि एकच अर्थ बरोबर असतो असंही नाही. ज्या अर्थामागे कवितेतल्या जास्तीत जास्त गोष्टी उभ्या राहतात तो अधिक भक्कम. 'औदुंबर म्हणजे संयुक्त कुटुंब' असं कुणी म्हणालं, तर त्यामागे एकही ओळ उभी राहणार नाही.

शेवटचा प्रश्न मार्कांचा. भीती रास्त आहे, म्हणून उत्तर कसं मांडायचं ते सांगतो. प्रचलित अर्थ पहिल्या वाक्यात नोंदवा: 'औदुंबर या प्रतीकाचा अर्थ विरक्ती, मृत्यू असा वेगवेगळा लावला गेला आहे.' तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही अभ्यास केलाय. मग कवितेतल्या दोन-तीन गोष्टी दाखवा, रंगांचा प्रवास, चालणं आणि बसणं, 'गोड काळिमा'. आणि मग 'या आधारे असे म्हणता येते की' असं लिहून तुमचं वाचन मांडा. 'मला वाटतं'पेक्षा हे शब्द परीक्षेत चालतात, आणि त्यामागे आधार असला की उत्तर वेगळं असूनही अंगावर येत नाही. कृष्णाकाठच्या उंबराची आठवण उत्तरपत्रिकेत लिहू नका, तिथे तिचं काम नाही. पण त्या उंबराची पाण्यात उतरलेली मुळं तुम्ही पाहिलीत म्हणून शेवटची ओळ तुम्हाला इतरांपेक्षा लवकर दिसली, आणि तेवढा भाग 'मुळे हेच पाय' असा एका वाक्यात नक्की लिहा.

शंकरमामंजींच्या तोंडचा तो परिच्छेद लिहून झाला की इकडे पाठवा. मला तो वाचायचा आहे.